वाडा वाचवायचा, पण कुणासाठी?

मिरजेतल्या एका जुन्या मित्राच्या घरचा वाडा सध्या आमच्या चहाच्या गप्पांत रोज येतो. छप्पर गळतं, तुळयांना वाळवी लागली आहे आणि वाटणीदार सातजण आहेत. बिल्डर रोख द्यायला तयार आहे. मित्राचा मुलगा म्हणतो, “पाडू नका, त्याचं हेरिटेज हॉटेल करू. खाली रेस्टॉरंट, वर आर्ट गॅलरी.” मित्राने मला विचारलं, “तुला काय वाटतं?” तेव्हा चटकन उत्तर देता आलं नाही. इथे ते लिहून पाहतो.

मी विश्रामबागेत राहतो. सांगली-मिरज रस्त्यावरचा हा भाग. १९१९ साली सुरू झालेल्या विलिंग्डन कॉलेजामुळे त्याला ओळख मिळाली. इथले अंगणवाले बंगले एकेक करून अपार्टमेंट झाले आणि कुणी हळहळलंही नाही. म्हणून वाडा राहावा असं म्हणणाऱ्या पोराचं मला आधी कौतुकच वाटलं.

असं करता येतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण सावंतवाडीचा राजवाडा. तिथे आता पाहुण्यांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय आहे. पण मला तिथे आवडला तो दरबार हॉल. तिथे कारागीर मांडी घालून बसतात आणि पाहणाऱ्यांच्या समोर गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला, नावही फारसी. मोगल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पत्ते, त्यातल्या रंगांची नावं ताज, शमशेर, गुलाम अशी. आपल्या मुलखात त्याची दशावतारी झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. खेळ एका दारातून आला, देव दुसऱ्या दारातून आले आणि चितारी कारागिराने दोघांना एकाच पत्त्यावर बसवलं. आज कुठली कला कुणाची यावर भांडणाऱ्यांनी हा पत्ता एकदा हातात घेऊन बघावा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिराला गाठलं. राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि राजवाड्यातच नव्या मुलांना शिकवण्याची सोय झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात वाचवले, पाहुण्यांच्या खोल्या खूप नंतर आल्या.

पॅरिसमध्येही एका जुन्या हवेलीत असंच झालं. बाकारा ही १७६४ साली सुरू झालेली, स्फटिकाची भांडी आणि झुंबरं घडवणारी कंपनी. आपले संस्थानिकही तिचे गिऱ्हाईक होते. २००३ साली या कंपनीने एका कलाप्रेमी सरदारणीच्या हवेलीत दुकान, संग्रहालय आणि रेस्टॉरंट थाटलं. श्रीमंतांची चैन म्हणून ते सोडून देता येईल. पण त्या हवेलीत लटकणारी काच आजही त्याच नावाच्या गावात भट्टीवर घडते. ती भट्टी विझली असती, तर हवेलीत नुसती सजावट उरली असती.

आता मिरजेकडे येऊ. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम संपलं तेव्हा त्याच हातांनी भोपळा कोरला आणि तंबोरा घडवला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. एवढं असूनही दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जवारी लावत बसलेल्या कारागिराच्या मुलाला त्याच खोलीत बसायचं नाही. त्याला दोष कसा देणार?

मग मित्राच्या वाड्यात सतारी भिंतीवर टांगल्या, खाली नक्षीदार ताटात तांबडा-पांढरा रस्सा वाढला, आणि बाहेर ‘अमुक सरकारांचा वाडा, स्थापना अमुक साली’ अशी पाटी लावली, तर ते वाचवणं झालं का? त्या पाटीवर मालकाचं नाव असेल. तुळई चढवणारा सुतार, चुना घोटणारा गवंडी, हंड्या-झुंबरं पुसून पेटवणारा माणूस, यांची नावं नसतील. त्यात आमच्यातलेही बरेच होते, इतरही होते. ‘वारसा’ म्हणताना आपण भिंती मोजतो, माणसं मोजत नाही.

“हॉटेल म्हणजे बाजारच झाला,” असं काही जण म्हणतील. मला बाजाराचं वावडं नाही. वाड्याचं छप्पर भावनेवर शाकारता येत नाही, त्याला दरमहा पैसा लागतो. रिकामा वाडा पडतो, वापरातला टिकतो. म्हणून माझं उत्तर ‘करा’ असंच आहे, पण तीन गोष्टी आधी ठरवून. ओसरीवर एका सतारमेकरला बिनभाड्याची, उजेडाची जागा द्या. आठवड्यातला एक दिवस दहा-वीस रुपयांच्या तिकिटावर शाळेच्या पोरांना आत सोडा. आणि पाटीवर मालकाच्या खाली, सापडतील तेवढ्या कारागिरांची नावं घाला.

मित्राला हे सांगितलं. तो हसला, म्हणाला, “ओसरीचं भाडं बुडेल की रे.” मी म्हटलं, “बुडू दे. गिऱ्हाईक त्या आवाजानेच आत येईल.” सातही वाटणीदारांची सही अजून व्हायची आहे.