शिक्का फाटकावरच पडू द्या

आगारातून गाडी सुटली की तिची वेळ कधी नोंदवायची? फाटकातून बाहेर पडताना, की कंडक्टर चहा संपवून वही उघडेल तेव्हा? नेटवर्कवर पीटीपीनं घड्याळं जुळवणारे आपल्यातले बरेच जण चहानंतरची वेळ धरतात आणि मग काटा का हलतो म्हणून महागडा स्विच मागवतात. तो मागवण्याआधी आपल्याच इथरनेट कार्डात डोकवा.

लिनक्सवर एथटूलला कॅपिटल टीचा पर्याय द्या. हार्डवेअर-ट्रान्समिट आणि हार्डवेअर-रिसीव्ह दिसलं, पीटीपी घड्याळाला क्रमांक असला, तर पाकीट तारेच्या तोंडाशी असतानाच त्याची वेळ टिपणारं कार्ड तुमच्या हाती आहे. घड्याळापुढे ‘नन’ असेल तर त्या कार्डामागे वेळ घालवू नका.

तयार ड्रायव्हर चालत असेल तर त्याच्या पाठीमागून रजिस्टरं खरडू नका. पुढच्या रीसेटला तुमचं लिखाण पुसलं जाईल. स्वतःच ड्रायव्हर लिहिणार असाल तर मात्र इंटेलच्या आय२१० चिपचे काही हट्ट आधीच माहीत असू द्या. सुरुवातीला तिचं घड्याळ बंदच असतं. टीएसऑक्ससी रजिस्टरचा ३१ क्रमांकाचा बिट १ असतो, तो ० करावा लागतो. (या एका बिटापायी मी दोन संध्याकाळी केबली बदलत बसलो होतो.) घड्याळ पुढेमागे असलं तर उचलून नवी वेळ लिहायचा मोह आवरा. दर ८ नॅनोसेकंदांच्या ठोक्याला किंचित भर किंवा वजावट करणारं वेगळं रजिस्टर आहे. त्यानंच हळूहळू ओढा.

खरी फसगत पाठवलेल्या पाकिटाच्या वेळेच्या शिक्क्यात होते. तो ठेवायला जागा एकच. आधी खालचा भाग वाचायचा, मग वरचा. वरचा वाचला की जागा मोकळी. वाचायचं राहिलं तर पुढच्या पाकिटांना शिक्काच मिळत नाही, आणि चिप चकार शब्द काढत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर १५ सेकंद वाट पाहून अडकलेला शिक्का काढून टाकतो. तुमच्या कोडमध्येही अशी सोय ठेवा.

आणि वेगाकडे लक्ष द्या. शिक्का पडण्याची जागा आणि प्रत्यक्ष तार यांच्यात थोडं अंतर उरतंच. त्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर गिगाबिटवर जाणाऱ्या पाकिटाच्या वेळेत १७८ नॅनोसेकंद मिळवतो, येणाऱ्याच्या वेळेतून ४४८ वजा करतो. शंभर मेगाबिटवर हेच आकडे १०२४ आणि २२१३ होतात. ४४८ नॅनोसेकंदांत सिग्नल तांब्याच्या केबलमधून साधारण ९० मीटर जातो, त्यामुळे केबल मोजायला टेप काढण्याआधी लिंक कोणत्या वेगावर जुळलीय ते पाहा. एकच आकडा कोडमध्ये ठोकून ठेवू नका.

संगणकाच्या घड्याळाला दोन प्रोग्रॅम ओढत नाहीत ना, हेही तपासा. कार्डाची वेळ संगणकाला द्यायचं काम पीएचसीटूसिसकडे असेल तर एनटीपीची सेवा बंद ठेवा. आणि कार्ड व संगणक यांच्या वेळेत फरक नेमका ३७ सेकंदांचा दिसला तर रजिस्टरांना हात लावू नका: पीटीपी टीएआय वेळेवर चालतं, आणि ती २०१७पासून यूटीसीच्या तेवढीच पुढे आहे.