पणतीतला बर्फ

‘हिवाळा’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, की त्याच्या पोटात हिम दडलेले आहे याची आठवणही राहत नाही. संस्कृतातील ‘हिमकाल’ झिजत झिजत हिवाळा झाला. आपली वडीलधारी मंडळी थंडीला ‘हीव’ म्हणतात, तेही हिमाचेच रूप. शिरपूरच्या अंगणात हिमवर्षाव कोणी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या या तापीखोऱ्याने आपल्या ऋतूला मात्र बर्फाचे नाव जपून ठेवले आहे.

नावापलीकडेही नाते आहे. पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकले, की त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे गार वारे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून सातपुड्याच्या अलीकडे उतरतात. धुळ्याचा पारा मग आठ, सात, सहा असा घसरू लागतो. काश्मिरात हिमवृष्टी झाल्याची बातमी आली, की आमच्या घरातील मुले बोटांवर दिवस मोजू लागतात. कारण याच दिवसांत तोरणमाळला आणि अक्कलकुव्याकडील डाब परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. आमच्या वाट्याचा बर्फ तो एवढाच. गवताच्या पात्यावर पांढरी साय धरावी तसा. त्याची वाट पाहण्यात घरादाराचे आठ-पंधरा दिवस कसे जातात, ते कळतही नाही. मधेच आभाळ येते, थंडी पळते, बेत पुढे ढकलला जातो आणि मुले ढगांवर रुसतात.

गेल्या वर्षी हा आनंद आम्ही सासूबाईंना घरी ठेवून घेतला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, गुडघे दुखरे. थंडीत त्यांना घराबाहेर काढणे नको, असे सर्वांनी एकमताने ठरवले. त्यांचे मत विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, मलाही नाही. सोबतीला शेजारच्या काकू झोपायला आल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास सासूबाई लघवीसाठी उठल्या. काकूंची झोप मोडू नये म्हणून त्यांनी दिवा लावला नाही, फरशी गार लागली म्हणून घाईने पाऊल टाकले आणि मोरीच्या उंबऱ्याशी त्या पडल्या. हाड मोडले नाही हे नशीब. मनगट मात्र महिनाभर सुजलेले होते. आम्ही त्याच पहाटे तोरणमाळला गवताची छायाचित्रे काढत होतो.

यंदा बेत निघाला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “पडायचं तर मी घरातही पडते. मग बर्फ पाहायला का येऊ नये?” कोणाकडेच उत्तर नव्हते.

थंडीचे भय निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. आतील ऊब राखण्यासाठी शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक कष्ट पडतात, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात हिवाळ्यात अधिक आढळतात, ते उगाच नव्हे. आकुंचनामुळे रक्त आतील भागाकडे वळले, की मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. म्हणून वृद्धांना थंडीत रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि उठावे लागू नये म्हणून ती बिचारी दिवसाही पाणी पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, चक्कर, थकवा. याहून फसवी गोष्ट अशी, की उतारवयात थंडीची जाणीवच बोथट होते आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्ती घटते. “मला नाही वाजत थंडी,” या वाक्यावर म्हणून विसंबू नये. आतील तापमान ३५ अंशांखाली उतरले, की माणूस सुस्तावतो, बोलणे जड होते, विचारात गोंधळ येतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणाची झोप आहे. अशा वेळी अंगावर कोरडी उबदार पांघरुणे घालून विनाविलंब दवाखाना गाठावा.

हे सारे मनात धरूनच आम्ही तयारी केली. आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी रक्तदाब तपासला आणि दोन अटी घातल्या : गोळ्यांच्या वेळा चुकवायच्या नाहीत, आणि सूर्य वर आल्याखेरीज आजींनी मोकळ्यावर यायचे नाही. थंडीत रक्तदाब वाढतो म्हणून मनाने गोळी वाढवणारे लोक मला माहीत आहेत. तो उद्योग कोणी करू नये. गोळ्यांचा एक संच सासूबाईंच्या पिशवीत, दुसरा माझ्याकडे. मध्यरात्री निघून पहाटे पोहोचण्याचा मुलांचा हट्ट आम्ही मोडला आणि शहादामार्गे दुपारीच वर चढलो. मुक्कामाची खोली घेताना शौचालय खोलीतच आहे, हे आधी पाहिले. एका जाड स्वेटरऐवजी पातळ कपड्यांचे तीन थर, कान झाकणारी टोपी आणि तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घेतले. गुळगुळीत मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो. रात्रभर एक मंद दिवा चालू ठेवला. झोप मोडली तरी चालेल, उठताना मला हाक मारायची, असे वचनच घेतले.

खोलीवाल्याने प्रेमाने निखाऱ्यांची शेगडी पुढे केली. ती आम्ही आत नेली नाही. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास, आणि झोपेतल्या माणसाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरूण उबवले आणि निजण्यापूर्वी ती काढून घेतली. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांना पिशवीचा चटका बसतो आणि फोड आल्यावरच कळते.

रात्री नऊच्या सुमारास शाल लपेटून सासूबाई दोन मिनिटे दारात आल्या, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “वारा पडलाय, आभाळ निवळलंय. आज जमेल.” मग त्यांनी पिशवीतून दिवाळीच्या सात मातीच्या पणत्या काढल्या. मुलांनी त्या वाळल्या गवतावर ठेवून त्यांत बोटभरही नाही इतके पाणी ओतले. हा खेळ त्यांना लहानपणापासून ठाऊक होता, म्हणे. आम्हांला इतक्या वर्षांत त्यांनी सांगितला नव्हता, किंवा आम्ही विचारला नव्हता.

खेळ जुनाच आहे. यंत्राचा बर्फ येण्यापूर्वी अलाहाबादच्या परिसरात हिवाळ्याच्या रात्री उथळ खड्ड्यांत वाळलेली ताटे पसरून, त्यांवर मातीची पसरट भांडी मांडून बर्फ धरीत असत. रॉबर्ट बार्कर यांनी या पद्धतीचे वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतच्या वस्तू आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यामुळे माणसाच्या उंचीवर हवा तीन-चार अंशांवर असली, तरी गवताच्या पात्यावर दव गोठते. खालचे वाळके गवत जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. शिवाय पणतीतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन उष्णता घेऊन जाते.

पहाट झाली तशी मुले धावली. गवत पांढरे झाले होते, गाडीच्या काचेवर खरखरीत थर होता. सात पणत्यांपैकी चारांत काचेच्या चकतीसारखा बर्फ जमला होता. उरलेल्या तिघींत नुसते गार पाणी. त्या झाडाखाली ठेवल्या होत्या. नातू हिरमुसला. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “अरे, झाडाखाली दव तरी कुठं पडतं?” झाडाचा पसारा आभाळ झाकतो, म्हणून जमिनीची ऊब निसटत नाही, हे त्यांनी शास्त्राच्या शब्दांत सांगितले नाही, इतकेच.

नातीने एक चकती त्यांच्या हातात दिली. एकोणऐंशी वर्षांच्या त्या तळहातावर ती विरघळेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग मी हात पुसून कोरडे केले आणि मोजे चढवले. ऊन अंगणात उतरल्यावर त्या माझा हात धरून यशवंत तलावाच्या काठाने दहा मिनिटे चालल्या. चढ लागला तिथून आम्ही परतलो. गोळी घ्यायची वेळ झाली होती.

खाली उतरताना तापीकाठच्या केळीच्या बागांतून धूर निघत होता. गव्हा-हरभऱ्याला हीच थंडी मानवते. केळीवर मात्र तिने चरका बसतो, पाने पिवळी पडतात. शेतकरी रात्री विहिरीचे कोमट पाणी देतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो. थंडी नको, असे तो म्हणत नाही; गहूही त्याचाच असतो.

घरी पोहोचल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. सासूबाईंच्या ताटात मीठ कमी आणि पापड अर्धा. त्यावरून थोडी कुरबूर झाली. मोकळ्या चार पणत्या त्यांनी स्वतः धुऊन फडक्यात बांधल्या आणि मुलांना बजावले, की पुढल्या थंडीत डझनभर घ्यायच्या आणि एकही झाडाखाली ठेवायची नाही.