छापील माती

कळसच्या मामींच्या नव्या घराचं बांधकाम अजून जोत्यापर्यंतही आलेलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या फरशीचं भांडण केव्हाच स्लॅबवर जाऊन पोचलं आहे. मामी या सदराच्या वाचकांना नव्या नाहीत. चकलीच्या भाजणीवरून त्यांनी अख्ख्या पुण्याचा उद्धार केला होता, तो मजकूर याच जागी छापून आला होता आणि त्यावर सदाशिव पेठेतून आलेली पत्रं सदरकर्त्यानं जपून ठेवली आहेत. या आठवड्यातला वाद लादीचा आहे.

झालं असं की, हिंजवडीत नोकरीला असलेल्या मामेभावानं पुण्यातल्या एका इंटिरियर डिझायनरकडून नकाशा करून आणला. त्यात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत गायब, मधोमध सहा खुर्च्यांचं टेबल आणि खाली ‘रस्टिक टेराकोटा फ्लोअर’. पेपरात लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं, असा कळसमध्ये अजूनही समज आहे. म्हणून लवाद म्हणून सदरकर्त्याला बारामतीच्या लादीच्या दुकानात नेण्यात आलं.

दुकानदारानं लादी काढली. विटकरी रंग, झिजल्यासारख्या कडा, एका कोपऱ्यात जुनाट पांढरी झाक आणि मधून गेलेला बारीक ओरखडा. मामींनी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन दोन थेंब तिच्यावर सोडले. थेंब तसेच गोल बसून राहिले. मग लादी उलटी केली, तर मागून पांढुरकी. खोक्यातल्या आणखी चार लाद्या जमिनीवर मांडल्या, तर त्यातल्या दोघींवर तोच ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब.

“ही माती न्हाय बाबा,” मामी म्हणाल्या, “मातीचा फोटू हाय.”

मामींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक होतं. खरी टेराकोटा म्हणजे भाजलेली माती, साधारण हजार अंशांच्या आसपास भट्टी लागलेली आणि वर चकाकी न चढवलेली. तिच्या अंगात छिद्रं असतात आणि ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. दुकानात होती ती व्हिट्रिफाइड. ती बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली, काचेसारखी घट्ट, अर्धा टक्काही पाणी न पिणारी आणि वरचं चित्र इंकजेट छपाईचं. देशातला असला बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. खऱ्या लाल लादीची आपल्याकडची वाट वेगळी आहे. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांकाठची चिकणमाती वापरली आणि कौलांच्या जोडीनं फरशीच्या लाद्याही पाडल्या. छापील लादी वाईट, असं इथं कुणी म्हणत नाही. ती स्वस्त पडते, डाग धरत नाही, फडक्यानं पुसली की झालं. राग एवढाच की झीज, डाग आणि ओरखडे ही वापरून मिळवायची गोष्ट आहे, आणि इथं ती खोक्यात भरून, कडक प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून मिळते.

पण मामींचा खरा राग लादीवर नव्हताच. तो निघाला टेबलावर.

“सैपाकघरात बसून जेवायचं, ह्यात नवं काय?” असा त्यांचा सवाल होता, आणि पुरावा मामींच्या बाजूनं आहे. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांची मातीच्या जमिनीची घरं मिळाली, चूल घराच्या आत, आणि गावात कुंभाराचं घरही. म्हणजे भाजलेली माती, चुलवण आणि जेवण एका छपराखाली आणण्यासाठी या जिल्ह्याला इंटिरियर डिझायनरची गरज पडलेली नव्हती.

मामींच्या जुन्या घरात आजही तसंच आहे. चुलीपुढं मामी, त्यांच्या उजव्या हाताला परात, आणि दोन हातांवर जेवणाऱ्याचं ताट. मालदांडीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकड बसल्याशिवाय भाकरीला चीर पडते. मग परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा आणि तळव्यानं फिरवत थापायचा. बोटांनी नाही, तळव्यानं, आणि खांद्याचा भार देऊन. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटलं की उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून आहारावर उभी करायची. फुगली की थेट ताटात. या सगळ्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जेवणाऱ्याची आधीची भाकरी संपलेली असते. हे गणित पाच फुटांच्या आत बसतं. दहा फुटांवर ताट गेलं की भाकरी वातड होते आणि वाढणारीच्या फेऱ्या सुरू होतात.

मग हे मोडलं कुणी? टेबलानं नाही. मोडलं ओट्यानं.

गॅस आला आणि चूल जमिनीवरून उठून बत्तीस-चौतीस इंचांवर गेली. धूर गेला, डोळ्यांचं पाणी गेलं, गुडघे वाचले. त्याबद्दल कुणीही बाई तक्रार करणार नाही आणि पुरुषानं तर करूच नये. पण रांधणारी उभी राहिली आणि जेवणारे खालीच बसून राहिले. तिची पाठ त्यांच्याकडे, त्यांची नजर तिच्या टाचांकडे. दर भाकरीला तिनं कमरेत वाकायचं. पूर्वी दोघं एकाच पातळीवर होते, समोरासमोर बोलत होते. तेव्हा जेवणाऱ्यांनाही वर उचलण्यासाठी टेबल आलं. टेबल स्वयंपाकघरात मावेना, म्हणून बाहेरच्या खोलीत गेलं. आणि इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या निम्म्या घरांत ते आजही त्या बाहेरच्या खोलीतच आहे, फक्त त्यावर जेवण सोडून सगळं असतं.

सदरकर्त्यानं पाहिलेल्या टेबलांवर काय काय नांदतं ते एकदा लिहून ठेवायलाच हवं. इस्त्रीचे कपडे. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा. कारखान्याची ऊसबिलाची पावती आणि ती उडू नये म्हणून ठेवलेलं पाण्याचं भांडं. तीन चार्जर, त्यातला एक कशाचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही. लग्नाच्या पत्रिका, तारखा उलटून गेलेल्या. काचेखाली नातवंडांचे फोटो आणि काचेवर, दुकानातून आलं त्या दिवसाचं, न काढलेलं प्लास्टिक. पाहुणे आले की हा सगळा संसार पलंगावर हलतो, पाहुणे जेवतात, आणि पाहुण्यांची गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत संसार परत टेबलावर. घरची माणसं स्वयंपाकघरात ओट्याच्या पायथ्याशी मांडी घालून जेवतात. सोयाबीनच्या पैशांत टेबल घेतलेल्या एका गृहस्थांना सदरकर्त्यानं हे विचारलं, तर ते म्हणाले, “टेबलावर जेवल्यासारखं वाटत नाही.” त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “आणि पुसायचं कुणी?”

जेवण स्वयंपाकघराबाहेर घालवण्याचा प्रयोग युरोपातही झाला होता, आणि तो एका बाईनंच केला होता. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब, म्हणजे जेमतेम 70 चौरस फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नमुन्याला घेतलं, पावलं मोजली, डबे-खण नेमून दिले आणि जेवण सरकत्या दारापलीकडच्या खोलीत पाठवलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. हेतू चांगला होता, बाईचे कष्ट आणि वेळ वाचवण्याचा. पण राहायला आलेल्या कामगार कुटुंबांना चुलीशेजारी जेवायची सवय होती आणि तिथं टेबल ठेवायला जागाच नव्हती. पुढे बाईंनीच सांगून टाकलं की, तोवर आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता. हे ऐकून मामींनी फक्त मामेभावाकडं पाहिलं. नकाशा करणारी कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो विचारल्यासारखा मामेभाऊ खाली बघू लागला.

तर तडजोड अशी निघाली. मधली भिंत बांधायची नाही, ते मामींना मान्य आहे. टेबल येणार नाही. ओट्याच्या एका टोकाला अठरा इंच उंचीची रुंद पायरी, तिच्यावर शेगडी आणि परात, आणि समोर सात-आठ ताटं बसतील एवढी मोकळी जमीन. त्या जमिनीवर खरी लाल लादी. सिंकखाली, घागरी ठेवायच्या जागी आणि कांदा-मिरची चालते तिथं शहाबादी, कारण हळद आणि तेल टेराकोटा सोडत नाही. (हळदीचा डाग उन्हानं फिकट पडतो हे खरं, पण स्वयंपाकघराच्या मधोमध ऊन आणायचं कुठून?)

आता लादी घालण्याबद्दल थोडं, कारण या भागात ते नेमकं चुकतं. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमाराला सुरू झाला आणि पाण्याबरोबर क्षार वर यायला लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. ऊस वाळवणारा हाच क्षार टेराकोटाच्या छिद्रांतून वर चढतो आणि लादीवर पांढरा लोणा धरतो. गवंडी म्हणतो लादी खराब, दुकानदार म्हणतो गवंडी खराब. दोष खालून येणाऱ्या ओलीचा आणि कालवलेल्या सिमेंटमधल्या खाऱ्या बोअरच्या पाण्याचा असतो.

तेव्हा ज्यांना खरीच माती पायाखाली हवी आहे, त्यांनी काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घ्यावा. माल गोड्या पाण्यात कालवावा. लादी बसवण्याआधी पाण्यात भिजवावी, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पोकळ वाजते. सांधे भरायच्या आधी लादीला सीलरचा एक हात द्यावा, म्हणजे सिमेंट तिच्या छिद्रांत बसत नाही. नंतर फरशी पूर्ण सुकू द्यावी, घाई करू नये, आणि मगच जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, जास्तीचं तेल लगेच पुसून काढत. दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा एकदा. जिनं जन्मभर दर आठवड्याला घर सारवलं तिला हे जड जाणार नाही. ज्यांना एवढंही नको, त्यांनी छापील लादी घ्यावी आणि सुखानं राहावं, मात्र खोकी उघडून ओरखडे वेगवेगळ्या जागी येतील अशा लाद्या गवंड्याकडून मांडून घ्याव्यात.

आणि एक. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा काडी न लावताही पेट घेऊ शकतो. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवावीत किंवा अंगणात एकेक सुटी पसरून वाळवावीत.