सत्तर पानांचा पुडा

मूळ संख्या आणि अवयव यांचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणारे पालक चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातही कमी नाहीत. आणि शंभरपर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या घोकून घ्यावयाच्या व मसावि-लसाविची रीत फळ्यावरून वहीत उतरवावयाची, एवढ्यावरच हा भाग शाळांतून आटोपला जातो हे पाहता, त्यांचा प्रश्न अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि ज्या मुलांच्या घरची चूल उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीवर पेटते, त्यांनाच हा विषय परका वाटावा, हा दोष मी विषयाचा मानीत नाही, अध्यापनाचा मानतो.

महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा पुडा 70 पानांचा, शेजारच्या छत्तीसगडात 50 पानांचा, आणि सरकारी दफ्तरातील प्रमाण गोणी 1,000 पुड्यांची. पहाटे जंगलात जाऊन तोडलेली पाने दुपारी सावलीत बसून सारे कुटुंब जुळविते, वाखाने पुडे आवळते आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेते; तेथे हिशेबनीस मुनशी पुड्यांच्या शेकड्याच्या भावाने हिशेब मांडतो.

आता सत्तराकडे पाहावे. त्याचे मूळ अवयव 2, 5 आणि 7. म्हणून पाच-पाच पाने मोजली तर चौदा वेळा आणि सात-सात मोजली तर दहा वेळा मोजून पुडा नेमका संपतो. चौदाची गणती ध्यानात राहिली तर प्रश्नच मिटला. परंतु घाईगर्दीत गणती चुकते, आणि मग हाती उरते ती केवळ बाकी. समजा, पुड्यात 67 पाने भरली. ही मूळ संख्या, म्हणजे 1 आणि स्वतः यांखेरीज हिला भाजक नाही. पाचाने मोजता 2 पाने उरतात, साताने मोजता 4. पाच आणि सात यांना एकाखेरीज समाईक अवयव नसल्यामुळे या दोन बाक्या मिळून जी साक्ष देतात, ती केवळ 35 च्या पटीतील चुकीपुढे फसते. आणि अर्धा पुडा कमी असला तर ते कळावयास गणिताची गरज नाही, हातालाच ते समजते. बाक्यांवरून अज्ञात राशी शोधण्याची ही विद्या आपल्याकडे कुट्टक या नावाने आर्यभटापासून चालत आली असून भास्कराचार्यांनी 1150 मधील ‘लीलावती’त तिचे सविस्तर विवेचन केले आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन झाला, त्या आचार्यांची ही रीत फळीवरच्या पोरांना अपरिचित राहावी, याचे मला वैषम्य वाटते.

हा केवळ पंडिती कुतूहलाचा विषय नव्हे. 1969 च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराचे नियमन शासनाने हाती घेतले. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला, 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आज गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मक्तेदाराच्या अमदानीत खातेवही मुनशीच्या काखेत असे आणि तिच्यावर शंका घेण्याची प्राज्ञा फारशी कोणास नसे. आता ती वही गावाची झाली असेल, तर तिची तपासणीही गावालाच करता आली पाहिजे.

आणि खरी मेख शेकड्यातच आहे. शंभराचे मूळ अवयव 2 आणि 5 एवढेच. दहाने मोजले काय नि पाचाने मोजले काय, त्या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत, कारण दहाच्या पोटात पाच आधीच बसलेला असतो. शेकड्यामागे पाच पुडे जास्त गेले, तरी पाचाने मोजणाऱ्याची बाकी शून्यच राहते; दहा जास्त गेले, तर दहाने मोजणाराही निश्चिंत असतो. साताने मोजणाऱ्यास मात्र शंभराची बाकी 2 यावयास हवी. 105 असतील तर ती शून्य येते, 110 असतील तर 5.

म्हणून जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या शिक्षकांनी अवयवांचा पाठ हंगामाच्या तोंडावर, पुडा हाती देऊन शिकवावा. आणि ग्रामसभेच्या नोंदवहीत शेकड्याच्या रकान्याशेजारी साताच्या बाकीचा आणखी एक रकाना आखावा, जो फळीवर वाळत घातलेल्या पुड्यांची फेरमोजणी करून दुसऱ्याच माणसाने भरावयाचा.