आरबैल घाटापलीकडचे सिद्दी
आफ्रिकी वारसा अनुभवायला ब्राझीललाच जायला हवं असं नाही. कुडाळहून गोवा, कारवार, अंकोला करत आरबैल घाट चढलात की यल्लापूर. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले कित्येक आफ्रिकी पळून या रानात शिरले. ब्राझीलच्या जंगलांत पळालेल्या गुलामांनी क्विलोंबो नावाच्या वस्त्या वसवल्या, तसेच. गोव्यातून पळालेल्यांचे वंशज हे सिद्दी. त्यांची कोकणी वळणाची बोली आपल्याला बरीचशी कळते. २००३ साली त्यांना इथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जायचं तर चौघापाचांनीच. बसभर माणसं उतरवून ‘दमाम वाजवा, नाचून दाखवा’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. ओसरीवर बसून कवंदी शिवणारी बाई पाहावी. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेकडून आत शिवत येतात, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांचं फूल लागल्याशिवाय ती गोधडी पुरी होत नाही. आवडली तर घासाघीस न करता पैसे तिच्याच हातात द्यावेत.