बुडवायचं यांनी, बारसंही यांनीच

कॅनडात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेला थंडी भयंकर. नद्या, तळी आणि पाणथळ जंगल. तिथं क्री आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या शिकार, मासेमारी करतात. सरकारी नकाशात मात्र हा मुलूख रिकामा!

१९७१ साली सरकारनं तिथं वीजधरणं जाहीर केली. क्रींना विचारलंसुद्धा नाही. ते कोर्टात गेले, शिकाऱ्यांनी साक्षी दिल्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायाधीश मालूफ यांनी काम थांबवलं. आठवड्याभरात वरच्या कोर्टानं ते पुन्हा सुरू करून दिलं. कोर्ट तिकडचं असो की इकडचं! १९७५ साली करार झाला.

पुढं कानियापिस्काऊ नदी अडवली. चार हजार चौरस किलोमीटरवर पाणी. डोंगर बुडाले, नुसते माथे वर राहिले, त्यांची बेटं झाली. १९९७ साली सरकारी नामकरण आयोगानं अशा १०१ बेटांना क्वेबेकच्या पुस्तकांतली नावं दिली. क्री म्हणाले, हे आमचे डोंगर, यांना आमची नावं आहेत.

आपल्याकडं तरी काय वेगळं? आपण ओहोळ, टेकडी, देवाची राई नावानं ओळखतो. फॉरेस्टच्या नकाशात तिथं कंपार्टमेंट नंबर. आणि गार्ड आपल्यालाच विचारतो, तुमची जागा नकाशात दाखवा. अरे, नकाशा काढताना आमच्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं का?

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं जुनी माणसं आणि एक लिहिणारं पोरगं आणावं. ओहोळ, टेकड्या, चराई, मसणवटा, सगळ्यांची नावं लिहायची आहेत. वही आम्ही आणतो.