ट्रेडमिल की रस्ता? मार्गासनीकरांनी भांडायचं ते तिसऱ्याच गोष्टीसाठी

ट्रेडमिलवरचं धावणं म्हणजे खोटं धावणं. पट्टा आपोआप मागे सरकतो, त्यामुळे व्यायाम होतच नाही. उलट गुडघे झिजतात. हा मजकूर मोबाइलवर फिरत असतो आणि दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी रुग्ण तो उघडून माझ्यासमोर धरतो. दुसरीकडे पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आईची साखर वाढली म्हणून हप्त्यावर मशीन घेतो आणि गावच्या घरात आणून ठेवतो. सहा महिन्यांनी त्यावर कपडे वाळत असतात. मला या दोघांशीही भांडायचं आहे.

आधी पट्ट्याचं. पट्टा ठरावीक वेगाने मागे जात असेल तर त्यावर टिकण्यासाठी तुम्हाला तेवढ्याच वेगाने पुढे जावं लागतं. पाय उचलणं, टाकणं, वजन पेलणं, सगळं तेच. ऊर्जेच्या हिशेबात मुख्य फरक एवढाच, की समोरचा वारा कापावा लागत नाही. इंग्लंडमध्ये जोन्स आणि डाऊस्ट या संशोधकांनी हा फरक मोजून १९९६ साली प्रसिद्ध केला. मशीनला १ टक्का चढ दिला की बाहेर सपाट रस्त्यावर धावण्याइतकीच ऊर्जा लागते, असं त्यांना आढळलं. तेही ताशी साधारण साडेदहा किलोमीटरपेक्षा जोरात धावणाऱ्यांच्या बाबतीत. चालण्याच्या किंवा संथ पळण्याच्या वेगाला हा फरक नगण्य आहे.

आणि छातीत दुखणाऱ्या माणसाची स्ट्रेस टेस्ट कशावर घेतात? ट्रेडमिलवरच. नेहमीच्या पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर होते. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. त्यावर व्यायाम होत नसता तर माणसाला धाप लागली नसती आणि तपासणीला काही अर्थच उरला नसता. (या यंत्राचा पूर्वज १८१८च्या सुमारास इंग्लंडमध्ये कैद्यांकडून सक्तमजुरी करून घेण्यासाठी आला होता. आज लोक पैसे मोजून त्यावर चढतात, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.)

खोटा व्यायाम होतो तो मशीनमुळे नाही, हातामुळे. पुढचा दांडा घट्ट धरून, त्यावर रेलून चालायचं आणि मग पडद्यावरच्या कॅलरी मोजायच्या. तो आकडा तुम्ही दांडा धरला आहे हे जाणत नाही. तोल जात असेल तर जरूर धरा, पण मग त्या आकड्याच्या भरवशावर जिलेबी खाऊ नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात ३.५ टक्के लोकांत होता, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के लोकांत आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत १३.३ टक्के लोकांत. यावरून धावल्याने गुडघे सुधारतात असं म्हणता येणार नाही, कारण गुडघे दुखणारी माणसं मुळात धावतच नाहीत. पण हौसेने धावलं की सांधे झिजतातच, ही भीती यातून टिकत नाही. मग ते धावणं पट्ट्यावरचं असो की डांबरावरचं.

आता मशीनवाल्यांकडे वळू.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं विचारतात, "सर, पावसाळ्यात घरीच मशीनवर सराव केला तर?" हिशेब करू. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं आणि पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरहून जास्त वेग. घरगुती मशीन बहुधा ताशी १२ ते १४ किलोमीटरला थांबतं. १२च्या वेगाने १६०० मीटरला ८ मिनिटं लागतात. शिवाय मशीनवर वेग मशीन ठरवतं. पहिल्या फेरीत किती राखून ठेवायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला किती सोडायचं, हे अंगात मुरतं ते मैदानावरच. तिथे वळणं असतात, शेजारी दुसरा धावत असतो, समोरून वारा असतो. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. दोघंही वाढली ती मोकळ्या वाटांवर. पावसाळ्यात मशीनवर हलकं पळून दम टिकवा, पण भरतीचा सराव त्याला म्हणू नका.

उतारही विसरू नका. साध्या मशीनला चढ असतो, उतार नसतो. राजगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. ती सवय उतार उतरूनच होते.

पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांना एक सूचना. बाहेर धावताना अंगावरून हवा जाते, घाम वाळतो आणि शरीर थंड होतं. बंद खोलीत घाम नुसता टपटपतो आणि नाडी उगीच चढते. समोर पंखा हवा. सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवलेली हवी. आणि घरात लहान मूल असेल तर वापर झाल्यावर किल्ली काढून वर ठेवा. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर पेलोटॉन कंपनीला आपल्या एका मॉडेलच्या सुमारे सव्वा लाख मशिन परत मागवाव्या लागल्या होत्या.

म्हणजे डॉक्टर बाहेर धावा म्हणतात, असं तुम्ही समजाल. थांबा.

"रोज अर्धा तास बाहेर चाला" हे वाक्य आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर फार सहज लिहितो. पण मार्गासनीच्या पंचावन्न वर्षांच्या बाईने चालायचं कुठे? नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता गावातून जातो आणि गुंजवण्याकडे जाणारा फाटाही इथलाच. शनिवार-रविवारी पहाटे अंधारातच राजगड-तोरण्याच्या गाड्या सुरू होतात. रस्त्याच्या कडेला गवत, गवतात काय असेल ते दिसत नाही, वर मोकाट कुत्री. दिवसा चालायला निघाली तर "काम नाही का हिला?" असं विचारणारे आपलेच लोक. मग ती घरात बसते, साखर वाढते आणि मी गोळी वाढवतो.

शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला, असंही मला ऐकवतात. भातलावणीच्या दिवसांत बाईला वेगळा व्यायाम सांगणं हा तिचा अपमानच आहे. पण लावणी काही आठवड्यांची, साखर बारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो वर्षभरासाठी. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत.

म्हणून माझं म्हणणं असं. मशीनच्या हप्त्यांचे पैसे आणि मशीन बरं की वाईट या वादातली ताकद दुसरीकडे लावा. शाळेचं मैदान पहाटे आणि संध्याकाळी गावाला खुलं हवं. तिथे दोन दिवे, कडेने गवत काढून मुरूम टाकलेली वाट आणि बायकांसाठी ठरलेली वेळ हवी. तिथेच पोरांना १६०० मीटरही मोजून मिळेल. एका मशीनवर एका वेळी एकच माणूस चालतो. आणि चार जणी मिळून चालू लागल्या की "काम नाही का" हा प्रश्न आपोआप बंद होतो.

तोवर रस्त्यावर जाणार असाल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसेल. फिक्या रंगाचे कपडे घाला. हेडफोन घरी ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. पायाला मुंग्या येत असतील, तळवा बधिर असेल तर अनवाणी किंवा नुसत्या स्लिपरवर निघू नका, आधी पाय दाखवा. छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला तर तिथेच थांबा. ते आम्लपित्त आहे की काय, हे वाटेत ठरवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मैदानाचा विषय मांडायचा अर्ज मी लिहून दवाखान्यात ठेवला आहे. सही करायला सकाळी उपाशीपोटी या, म्हणजे साखरही तपासून होईल.